छपराचे अर्थशास्त्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरांच्या प्रश्नावर व्यासपीठांवरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. जमिनीची मालकी, भाड्याचे नियंत्रण, सावकाराचे आणि बँकेचे कर्ज, झोपडपट्टीवर फिरणारा बुलडोझर, या साऱ्यांची चर्चा झाली, ठराव झाले. घराच्या डोक्यावर काय घालावे, हा प्रश्न मात्र गवंड्याचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः ज्या मुलखात वैशाखातल्या दुपारचा पारा ४२ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, तेथे राहते घर आणि भट्टी यांतील फरक छपराने पडतो. आणि ते छप्पर कोणते असावे, हे बहुतेक घरांत हवामान पाहून ठरत नाही. घरधन्याची ऐपत, जागेचा कागद आणि सरकारी अंदाजपत्रक या तिहींनी ते आधीच ठरविलेले असते.

प्रथम उन्हाचा हिशेब पाहावा. नागपूरला २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. अंगणात रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरपे लागते, छपरावर सरळ कोसळते. आकाश निरभ्र असले म्हणजे छपराच्या एका चौरस मीटरवर दुपारी ९०० ते १००० वॅट एवढी उष्णता पडते. सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. म्हणजे विजेच्या वीस-पंचवीस शेगड्या त्या छपरावर मांडून ठेवल्यासारखेच झाले. एकमजली घराला हा मारा अडविणारे दुसरे काहीच नसते. बहुमजली इमारतीत त्याची झळ सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास पोचते, आणि तेथे भाडे बहुधा कमी असते ते उगाच नव्हे.

पडलेल्या उष्णतेचे छप्पर तीन प्रकारे वाटप करते. काही भाग आकाशाकडे परत पाठविते, काही स्वतःत साठविते, उरलेला खाली सोडते. कोणते छप्पर काय करते, हे कळले की घरातल्या माणसाच्या दिवसाचे आणि रात्रीचे कोडे उलगडते.

लोखंडी पत्रा साठवीत काहीच नाही. जुना, धूळ बसलेला, गंजलेला पत्रा उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जातो आणि तितक्याच तत्परतेने ती धग खाली देतो. खोलीतली हवा तापते, पण त्याहून वाईट म्हणजे तो तापलेला पत्रा थेट माणसाच्या अंगावर उष्णता फेकीत राहतो. माणसाच्या कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. भोवतालच्या सर्व वस्तू त्याहून गरम झाल्या की शरीराला थंड होण्यासाठी घामाखेरीज मार्ग उरत नाही. अशा खोलीत पंखा लावणे म्हणजे तापलेला वारा अंगावर घेणे होय. पत्र्याच्या पदरी एकच पुण्य आहे: सूर्य मावळला की तोही लवकर निवतो.

काँक्रीटच्या स्लॅबची रीत उलट. दहा-बारा सेंटिमीटरचा स्लॅब दुपारभर ऊन पीत राहतो. बारा-एक वाजता त्याच्या सावलीत बरे वाटते आणि पक्क्या घराचे समाधान होते. परंतु संध्याकाळी, बाहेरची हवा निवू लागते त्या वेळी, त्याची खालची बाजू तापून तयार झालेली असते, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तो दिवसाची उष्णता घरात ओतीत राहतो. पत्रा दिवसाचा वैरी, स्लॅब रात्रीचा. रातपाळी करून आलेला कामगार पत्र्याखाली दिवसा झोपू शकत नाही. दिवसभर राबून आलेला मजूर स्लॅबखाली रात्री झोपू शकत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडची किंवा सोलापूरची विडी वळणारी स्त्री तर दिवसभर घरातच असते. तिचे घर हाच तिचा कारखाना. तिला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. दुपारी तीन तास हात चालेनासे झाले तर त्या तीन तासांचा तोटा तिचाच. कारखान्यात पुरेशा वायुविजनाची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. येथे कारखान्याचे छप्पर कामगाराचे असल्यामुळे मालक त्यातूनही सुटला.

जुन्या पिढ्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. मराठवाड्यातले माळवद, खानदेश-वऱ्हाडातले धाबे ही उष्ण आणि कोरड्या हवेला दिलेली अत्यंत विचारपूर्वक उत्तरे होती. लाकडी तुळया, त्यांवर किलचणांची दाट मांडणी, त्यावर पाला आणि वर वीतभर ते हातभर मातीचा थर. एवढ्या मातीतून दुपारची उष्णता खाली उतरावयास रात्र होते, आणि उतरते तीही क्षीण होऊन. तोवर घरातली माणसे वर माळवदावर आकाशाखाली निजलेली असतात. सवण्यातून प्रकाश येतो आणि चुलीचा धूर व गरम हवा निघून जाते. पूर्व विदर्भातील हातघडणीच्या कवेलूंचे छप्पर वेगळ्या युक्तीने काम करते: एकावर एक पालथ्या-उताण्या कवेलूंमध्ये हवा खेळती राहते आणि तापलेली हवा फटींतून वर निघून जाते. कोकणात हवा दमट, रात्र आणि दिवस यांच्या तापमानात अंतर थोडे. तेथे जाड माती उपयोगाची नाही, पाऊस तर तिला टिकूही देणार नाही. तेथे उंच, उतरते, हवेशीर छप्परच हवे, आणि १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर यंत्रावरचे कौल पश्चिम किनाऱ्यावर रुजले ते याच कारणाने. चांगले छप्पर म्हणून एकच एक नमुना सर्वत्र लादता येत नाही. राजधानीत बसून साऱ्या देशासाठी एक नकाशा काढणाऱ्यांना हे कधी पटत नाही, हा भाग निराळा.

मग लोकांनी ही थंड छपरे सोडून पत्रा का घेतला? येथे काही सुशिक्षित मंडळी ग्रामीण जनतेच्या अनुकरणप्रियतेबद्दल हळहळ व्यक्त करतात. ही हळहळ फुकाची आहे. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती आणून टाकावी लागे. भर पावसात गळती लागली की मध्यरात्री उठून वर चढावे लागे. कौले दरवर्षी चाळावी लागत, कवेलू फेरावे लागत. या श्रमाचा मोठा भाग घरच्या बायकांच्या वाट्याला येई आणि त्याची किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नसे. शेतमजुरीची रोजंदारी सुरू झाली, घरातली माणसे कामासाठी बाहेर जाऊ लागली, तेव्हा तो फुकटचा समजलेला श्रम महाग झाला. सागवानी तुळई सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. कवेलू घडविणारा कुंभार दुसऱ्या कामाला लागला. शिवाय माकडे! कोकणातल्या आणि विदर्भातल्या कितीतरी घरांवरची कौले उतरून पत्रे चढली, त्यात वानरांच्या टोळ्यांचा वाटा कोणत्याही कारखानदाराच्या जाहिरातीपेक्षा मोठा आहे. विद्यापीठीय संशोधनात हे कारण सहसा नोंदले जात नाही.

मराठवाड्यात आणखी एक कारण घडले, आणि ते विसरून माळवदाचे गुणगान करणे हा त्या लोकांचा अपमान ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे मेली. बहुतेक सारी आपापल्या घरांतच, दगडमातीच्या जाड भिंती आणि छपराची माती यांखाली गाडली गेली. वर्षानुवर्षे माळवदावर नवी माती पडत गेली होती, जुनी मात्र उतरविली गेली नव्हती. थर फुटांनी मोजण्याइतके वाढले होते. भिंतींत दगड एकमेकांना सांधणारे काही नव्हते. ज्या माणसांनी आपली माणसे त्या मातीखालून उपसून काढली, त्यांना मातीचे छप्पर थंड असते हे सांगावयास कोण जाणार? त्यांनी पत्रा स्वीकारला, स्लॅब स्वीकारला, यात आश्चर्य नाही. माती सुरक्षितपणे वापरण्याची तंत्रे आहेत: हलका थर, सांधलेल्या भिंती, छपराचा भार पेलणारी मजबूत चौकट. पण त्यांसाठी जाणता कारागीर हवा, देखरेख हवी, आणि या दोन्ही गोष्टी गरिबाच्या घराच्या वाट्याला क्वचितच येतात.

पत्र्याच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद मात्र वेगळाच आहे, आणि तो वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला पुस्तकांपेक्षा लवकर कळतो. पत्रा उचलून नेता येतो. ज्याच्या पायाखालची जागा त्याची नाही, ज्याची झोपडी कोणत्याही सकाळी पाडली जाऊ शकते, तो घरावर जे काही खर्च करील ते बुडीत जाण्याचा धोका असतो. स्लॅब फोडला की मलबा होतो. कौले उतरविताना अर्धी फुटतात. पत्रे आकडे सोडवून हातगाडीवर घालून दुसरीकडे नेता येतात, अडचणीत विकताही येतात. भूमिहीनाच्या दृष्टीने पत्रा हे छप्पर आहे आणि ठेवही आहे. त्यातच त्याला कर्ज मिळते ते महिन्याला शेकडा तीन ते पाच टक्क्यांनी. एवढ्या व्याजाने काढलेल्या पैशात आज स्वस्त आणि रोज तापदायक अशी वस्तू घेणे हा अडाणीपणा नाही, चोख हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २९ टक्के घरांवर काँक्रीट आणि सुमारे १६ टक्के घरांवर लोखंडी वा सिमेंटचे पत्रे आढळले. या सोळा टक्क्यांतील फार थोड्यांनी पत्रा आवडीने निवडला असेल. जागेचा पट्टा नावावर झाला की पुढच्या काही वर्षांत वस्तीतले पत्रे आपोआप उतरू लागतात. म्हणून पट्ट्यासाठी होणारा लढा हाच थंड छपरासाठीचाही पहिला लढा होय.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल येथेच एक इशारा दिला पाहिजे. लोखंडी पत्र्यापेक्षा तो किंचित कमी तापतो, आवाज कमी करतो, म्हणून लोक तो पसंत करतात. परंतु या पत्र्यांतील मोठ्या भागात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ते कर्करोगकारक आहेत याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेला कोणतीही शंका नाही. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. भारताने मात्र त्याची आयात चालू ठेवली. जो पत्रा छपरावर अखंड आहे त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तो कापताना, भोके पाडताना, फोडून टाकताना जी धूळ उडते ती घातक. जुने पत्रे हातोड्याने फोडून अंगणात भर घालण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हावयास हवी.

आता सरकारी घरकुलाकडे वळू. १९८५ पासून इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना, अशा दोन नावांखाली देशात कोट्यवधी घरांना अनुदान मिळाले. २०१६ साली मैदानी भागासाठी ते १ लाख २० हजार रुपये ठरले. या रकमेत पायापासून छपरापर्यंत सर्व काही उरकावयाचे. पक्के घर म्हणजे स्लॅबचे घर, ही समजूत अधिकाऱ्यांत आणि लाभार्थ्यांत सारखीच रुजलेली आहे. त्यामुळे पैशाचा मोठा वाटा सिमेंट आणि सळईत जातो आणि त्या स्लॅबवर चुन्याचा एक हात मारण्यापुरतेही काही उरत नाही. पुढे तेच कुटुंब हप्त्याने कूलर घेते, त्याचे वीजबिल भरते, टँकरच्या गावात त्या कूलरला पाणी शोधते. घर बांधून देणाऱ्याची बचत झाली आणि राहणाऱ्याचा खर्च जन्मभराचा झाला. खर्चाची ही टोलवाटोलवी कोणत्याही सरकारी अहवालात दिसत नाही, कारण अहवाल घर पूर्ण झाल्याच्या छायाचित्राशी संपतो.

याहून शहाणी वाट आपल्याच देशात दाखविली गेली आहे. लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने केरळात गरिबांच्या घरांसाठी भरावाचा स्लॅब प्रचारात आणला. त्यामागचे तत्त्व साधे आहे. स्लॅबवर भार आला की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. तो सळई सोसते. तेव्हा खालच्या भागातले सळयांमधले काँक्रीट बव्हंशी निरुपयोगी ओझे असते. बेकरांनी त्या जागी मंगळुरी कौले, बहुधा एकावर एक जोडून, बसविली. काँक्रीट वाचले, छताचे वजन घटले आणि कौलांमध्ये अडकलेल्या हवेमुळे उष्णताही कमी उतरू लागली. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राच्या इमारती बेकरांनीच उभारल्या. पुढे १९८५ साली राज, बेकर आणि केरळचे माजी मुख्यमंत्री, कम्युनिस्ट नेते सी. अच्युत मेनन यांनी इतर सहकाऱ्यांसह कॉस्टफोर्ड ही संस्था त्रिशूरला काढली, ती हे तंत्र गावोगावच्या गवंड्यांच्या हाती जावे म्हणून. माजी मुख्यमंत्री आणि नामवंत अर्थतज्ज्ञ एकत्र येऊन स्लॅबमध्ये कौल कसे बसवावे याची चिंता करतात, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनी मनन करण्यासारखी आहे. महाराष्ट्रात हे तंत्र फुटकळ उदाहरणांपलीकडे का गेले नाही, याचे उत्तर तंत्रात शोधून सापडणार नाही. ठेकेदाराचे बिल घनमीटरांवर निघते. काँक्रीट वाचविणाऱ्या पद्धतीत त्याला रस का असावा?

तथापि जी घरे उभी राहिली आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग हा आहे. उघडा, काळपट स्लॅब त्याच्यावर पडलेल्या उन्हाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पितो. ताज्या चुन्याने पांढरा केलेला स्लॅब त्यातला बहुतेक भाग परतवून लावतो. खोलीचे तापमान त्यामुळे दोन ते पाच अंशांनी उतरते. दोन अंश हा आकडा वाचताना क्षुल्लक वाटतो. ४५ अंशांच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या मुलाला तो क्षुल्लक नसतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात शहरात नेहमीच्या प्रमाणाहून १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या महापालिकेने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले; २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरे थंड करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. सरकारी व व्यापारी इमारतींना आणि मोठ्या भूखंडांवरील घरांना त्यात सक्ती आहे, लहान घरांना ती ऐच्छिक आहे. ज्याला गरज अधिक त्याच्यासाठी ऐच्छिक म्हणजे, पैसे सरकारने दिले नाहीत तर, नाहीच.

चुना विदर्भाला परका नाही. वणी तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्ट्या प्रसिद्ध आहेत. देशातील सर्वांत तापणाऱ्या पट्ट्यातच चुना पिकतो. २५ चौरस मीटरच्या स्लॅबला लागणारा चुना साधारणतः दोन-तीन दिवसांच्या मजुरीहून महाग पडत नाही. स्लॅब झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्याव्या. निवलेल्या चुन्यात थोडा डिंक किंवा खळ मिसळून संध्याकाळच्या वेळी दोन-तीन हात द्यावे. कळीचा चुना भिजविताना तो उकळतो व उडतो. मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावे. धूळ बसून हा पांढरेपणा मावळतो, पाऊस त्याला धुऊन नेतो. म्हणून हे काम दरवर्षीचे आहे, एकदा करून फोटो काढण्याचे नाही.

लोखंडी पत्र्यावर चुना मारू नये. तो टिकत नाही आणि जस्ताचा थर खाऊन गंज लवकर आणतो. तेथे पांढरा तैलरंग किंवा त्यासाठी मिळणारा खास रंग वापरावा. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आढे बांधले आणि दोन्ही टोकांना हवा निघण्यास वाट ठेवली, तर पत्र्याची धग अंगावर येत नाही. चुलीच्या वर मात्र ते बांधू नये. उन्हाळ्यात पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरण्याची खेड्यांतली चाल गुणकारी आहे. दाट वस्तीत आगीच्या भयामुळे तिची शिफारस करता येत नाही.

भाडेकरूचा प्रश्न याहून अवघड. छप्पर मालकाचे, ताप भाडेकरूचा. चुन्याचा खर्च भाडेकरूने केला तर लाभाचा काही भाग पुढच्या वर्षी वाढीव भाड्याच्या रूपाने मालकाकडे जाण्याचा संभव. त्यामुळे दोघेही हात बांधून बसतात. असा व्यवहार बाजाराने सुटत नाही; तेथे नगरपालिकेनेच, मालकाची परवानगी गृहीत धरून, गल्लीच्या गल्ली पांढरी करावी लागते. पाण्याचा नळ जसा घरोघर विचारून टाकीत नाहीत, तसेच हे आहे.

संघटना असेल तर नव्या घरांच्या बाबतीत आरंभीच आग्रह धरता येतो. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी दीर्घ लढ्यानंतर १० हजार घरांची सहकारी वसाहत मिळविली, तिचे लोकार्पण २००६ साली झाले. एवढ्या संख्येने एकत्र आलेला ग्राहक छपराचा नकाशा बदलून मागू शकतो. एकटा लाभार्थी हप्ता अडेल या भीतीने अभियंत्यासमोर तोंड उघडीत नाही. गावपातळीवर हा आग्रह ग्रामसभेतून धरता येईल: घरकुलाच्या अंदाजपत्रकात छपराच्या थंडाव्याची स्वतंत्र बाब असावी, अंगणवाडी व शाळेच्या स्लॅबला चुना ग्रामनिधीतून द्यावा, चुना मारण्याचे काम गावातल्या बचतगटाला मजुरीने मिळावे. १ मेची ग्रामसभा त्यासाठी फार उशिराची ठरते, कारण तोवर अर्धा उन्हाळा डोक्यावरून गेलेला असतो. २६ जानेवारीच्या सभेत विषय घेतला, तर होळीच्या आत चुना गावात येऊन पडतो.